बिनचिन्हाचं गाव

पाहुण्यानं पाहुण्यासारखं राहावं, यजमानांच्या पोरांच्या गृहपाठात नाक खुपसू नये, हे शहाणपण मला अभनपुरात आलं. थोडं उशिरा आलं.

जानेवारीतला रविवार होता. मावशीच्या अंगणात खाट टाकलेली, पायांवर कोवळं ऊन, हातात दुसरा चहा. अशा वेळी माणूस कुठल्याही गोष्टीला हो म्हणतो. मावशीची नात चिऊ चौथीत आहे. ती वही घेऊन समोर उभी राहिली आणि म्हणाली, "काका, आपल्या गावाचा लोगो काय आहे?"

शाळेत 'माझं गाव' असा काहीतरी प्रकल्प होता. गावाचं नाव, लोकसंख्या, नदी, बाजाराचा दिवस हे सगळं तिनं लिहून काढलं होतं. राहिला होता एक चौकोन. त्यात गावाचं चिन्ह काढायचं होतं.

"एवढंच ना? सांगतो," मी म्हणालो. चहा अजून गरम होता.

अभनपूर हे रायपूरहून धमतरीकडे जाताना तीसेक किलोमीटरवर लागणारं तहसिलीचं गाव. इथे तिठा आहे, बाजार आहे, भाताची शेतं आहेत आणि बाजूला नवं रायपूर दरवर्षी थोडं थोडं पुढे सरकत येतं आहे. पण चिन्ह? मी मावशीला विचारलं. ती खलबत्त्यात काहीतरी कुटत होती. "चिन्ह काहाले पाहिजे रे गावाला?" ती म्हणाली. "गाव का हरवते का?"

मावशी नागपूरची. लग्न होऊन इकडे आली त्याला पन्नास वर्षं होतील. तिच्या बोलण्यात आता नागपुरी, हिंदी आणि छत्तीसगढी यांचा असा गोपाळकाला झाला आहे, की कुठला दाणा कुठल्या घरचा ते तिलाही सांगता येणार नाही.

मग मी चिऊला जगाचा दाखला द्यायचं ठरवलं. घरचं उत्तर येत नसलं, की मोठी माणसं परदेशाचं देतात.

तिला म्हटलं, तिकडे युरोपात गावोगावी अशी चिन्हं असतात. एक ढाल असते. ढालीवर सिंह, बुरूज, जहाज असं काहीबाही. ढालीला दोन बाजूंनी दोन प्राणी धरून उभे, वर मुकुट, खाली लॅटिनमध्ये बोधवाक्य. आता हे बेलफास्ट बघ. आयर्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरचं हे शहर. एकोणिसाव्या शतकात त्याला 'लिननोपोलिस' म्हणत, कारण लिननचं कापड विणण्यात त्याचा हात कोणी धरत नसे. गिरण्याच गिरण्या. पहाटे भोंगा झाला की पोरीबाळी कामाला. त्या शहराला 1890 मध्ये रीतसर चिन्ह मिळालं.

चिऊ फोनवरच्या चित्राकडे बघत राहिली. "घंटा का आहे?"

"बेलफास्टमध्ये 'बेल' आहे ना, म्हणून."

हे सांगताना मलाच हसू आलं. त्या नावाचा घंटेशी काडीचा संबंध नाही. ते आयरिश भाषेतल्या नदीमुखावरून आलेलं आहे. पण चिन्ह काढणाऱ्यांना असले श्लेष फार आवडतात. हा न्याय आपल्याकडे लावला तर चिंचवडच्या ढालीवर एक चिंच आणि एक वड काढता येईल, सांगलीच्या ढालीवर सहा गल्ल्या आणि भुसावळच्या ढालीवर काय, ते सांगायला नकोच.

तर बेलफास्टच्या चिन्हात घंटा आहे, जहाज आहे, साखळीनं बांधलेला लांडगा आहे आणि माशाच्या शेपटीचा समुद्री घोडा तर दोनदा आहे. खाली लॅटिन बोधवाक्य आहे. इतकं सगळं मिळालं, त्याची परतफेड आम्ही कशानं करावी, असा त्याचा भाव. सगळं फार देखणं. फक्त ज्याच्या जिवावर शहर उभं राहिलं त्या लिननचा धागा, फूल, पान, काहीही नाही. बहुधा परतफेड तिथूनच राहून गेली.

"जे विकत होते ते काढलंच नाही?" चिऊनं विचारलं.

नाही काढलं. दारावरच्या पाटीवर आपण तरी कुठे लिहितो की आजोबांनी भजी तळून हे घर बांधलं? पाटीवर 'श्रीकृपा' असतं. चिन्ह म्हणजे गावाची पाटी. गाव पोट कशावर भरतं हे त्यावर नसतं. लोकांनी आपल्याला काय समजावं असं गावाला वाटतं, तेवढंच असतं. भज्यांचा वास भिंतींना असतो, पाटीला नसतो.

बरं, बेलफास्टच्या लिननला मान मिळालाच नाही असंही नाही. मिळाला, पण आपल्याकडे मिळतो तसा. माणूस गेला की चौकाला नाव. गिरण्यांची धडधड ओसरल्यावर 1986 मध्ये त्यांच्या एका पौंडाच्या नाण्यावर लिननचं रोप आलं. उत्तर आयर्लंडच्या विधानसभेच्या बोधचिन्हात सहा निळी फुलं आली. ब्रिटनचं सर्वोच्च न्यायालय 2009 मध्ये सुरू झालं, त्याच्या चिन्हातही हे फूल गुंफलेलं आहे. भोंगा ऐकून पळणाऱ्या पोरींच्या नातींनी ते पाहिलं असेल.

"आणि आपलं?" चिऊचा प्रश्न तसाच उभा होता.

आपलं म्हटल्यावर माझी छाती थोडी पुढे आली. तिला शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेबद्दल सांगितलं. त्या अष्टकोनी मुद्रेवर प्राणी नाही, पक्षी नाही; आहेत ती संस्कृत अक्षरं. कलेकलेनं वाढणाऱ्या चंद्राची उपमा आहे आणि लोककल्याणाचं वचन आहे. महाराजांचे प्राणी मुद्रेवर बसत नाहीत, ते गडाच्या दारावर बसतात. हत्तींना पंज्यात धरणारा शरभ बघायचा तर मान वर करून दरवाज्याच्या कमानीकडे बघावं लागतं.

"पण ते महाराष्ट्राचं," चिऊ म्हणाली. तिचा भूगोल पक्का आहे.

मग छत्तीसगढचं राजचिन्ह काढलं. 2000 सालच्या 1 नोव्हेंबरला हे राज्य झालं. चिन्हाच्या कडेनं छत्तीस गढांची हिरवी माळ, मध्ये अशोकाचे सिंह, भाताच्या सोनेरी लोंब्या, विजेची खूण, तिरंगी लाटांतून वाहणाऱ्या नद्या. मराठी माणसाला 'गढ' म्हटलं की बुरूज दिसतात. मी पहिल्यांदा इकडे आलो तेव्हा छत्तीस किल्ले बघायचे म्हणून चांगले बूट घेऊन आलो होतो. पुढे कळलं, इथला गढ म्हणजे मुख्यतः कारभाराचा तालुका. शिवनाथ नदीच्या उत्तरेला अठरा, दक्षिणेला अठरा. बूट भाताच्या चिखलात कामी आले. आणि ज्या आकड्यानं आपण मराठीत दोन जावांचं वैर सांगतो, तो छत्तीसचा आकडा एका अख्ख्या राज्यानं इतक्या प्रेमानं नावात आणि चिन्हात मिरवलेला पाहून माझीच जीभ चावली गेली.

या चिन्हात भात आहे. कापड नाही. इथेही नाही.

कापड नव्हतं म्हणून नाही, असं म्हणावं तर तसंही नाही. चांप्याचं कोसा रेशीम देशभर जातं. इथले देवांगन विणकर आणि आमच्या नागपूरचे कोष्टी मागावर एकाच तालात पाय मारत आले. आणि राजनांदगाव तर कापडावरच उभं राहिलेलं संस्थान. त्या घराण्याचा मूळ पुरुष प्रह्लाददास हा पंजाबातून आलेला बैरागी. पण हिंडता हिंडता शाली विकणारा बैरागी. पुढे नागपूरकर भोसल्यांच्या अमलात ही गादी वाढली, गुरूमागून शिष्य असे महंत राजे झाले. अंगावर वस्त्र किती असावं याबद्दल बैराग्याचे विचार ठाम असतात. पण याच गादीच्या राज्यात 1890 नंतरच्या दशकात कापडाची गिरणी निघाली आणि थोड्याच वर्षांत तिचं नाव पडलं बेंगॉल नागपूर कॉटन मिल्स. गिरणी राजनांदगावात, नाव बंगालचं आणि नागपूरचं! गावाचं नाव पाटीवर न येण्याची ही आणखी एक तऱ्हा.

"बीएनसी म्हण ना सरळ," मावशी खलबत्त्यावरून म्हणाली. "माझ्या लग्नात आईनं तिथलीच मच्छरदाणी दिली होती. अजून आहे."

बीएनसीची मच्छरदाणी ही एके काळी बोलण्यातली वस्तू होती. जाळी अशी, की डासाला आत येता येत नसे आणि वाऱ्याला बाहेर थांबावंसं वाटत नसे. या गिरणीच्या मजुरांनी 1920 मध्ये ठाकूर प्यारेलाल सिंह यांच्या मागे उभं राहून मोठा संप केला होता. राजांचा वाडा पुढे दिग्विजय महाविद्यालयाला मिळाला आणि 1958 मध्ये तिथे शिकवायला गजानन माधव मुक्तिबोध आले. घरात मराठी बोलणारा हा माणूस हिंदीचा एवढा मोठा कवी झाला. मराठी कविता लिहायचं काम त्यांच्या धाकट्या भावानं, शरच्चंद्रांनी सांभाळलं. एकाच घराच्या सुताचे दोन भाषांत दोन ताणे. गिरणी मात्र 2002 मध्ये थांबली.

योगायोग असा, की नागपूरची एम्प्रेस मिल बंद झाली तीही 2002 मध्येच. तिच्या जन्माचा योगायोग याहून मोठा. जमशेटजी टाटांनी ती सुरू केली 1 जानेवारी 1877 रोजी. नेमक्या त्याच दिवशी दिल्लीत दरबार भरला होता आणि व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याचं जाहीर होत होतं. म्हणून गिरणीचं नाव एम्प्रेस. त्या दरबारात संस्थानिकांना काय वाटण्यात आलं? चिन्हं! बंगालमधला रॉबर्ट टेलर नावाचा एक मुलकी अधिकारी. त्यानं आपल्या राजेरजवाड्यांसाठी युरोपी थाटाची नव्वदेक ढाल-चिन्हं काढून दिली. ती रेशमी निशाणांवर भरण्याच्या कामात रडयार्ड किपलिंगचे वडीलही होते. निशाणं म्हणे इतकी जड होती, की उचलायला चांगले धिप्पाड गडी लागत.

म्हणजे बघा, एकाच दिवशी दिल्लीत राजांना चिन्हं मिळाली आणि नागपुरात जुम्मा तलावाजवळ चात्या फिरू लागल्या. निशाणं संग्रहालयांत गेली. गिरणीच्या जागेवर आज मॉल आहे. तिथे तयार कपडे मिळतात, आणि त्यांच्या छातीवर इवलीशी मगर किंवा घोडेस्वार असतो. ढाल गेली, प्राणी राहिले.

आणि दुसऱ्यांना तरी का हसावं? आपल्या झेंड्यावरही एके काळी अख्खा चरखा होता. 22 जुलै 1947 ला संविधान सभेनं आजचा तिरंगा ठरवला, तेव्हा चरख्यातलं चाक राहिलं. ते अशोकाचं चक्र झालं. चाती आणि सूत वजा झालं. गांधीजींना ते काही फारसं रुचलं नव्हतं. पण गंमत अशी, की चित्रातून गेलेलं सूत कापडात जाऊन बसलं. नियमानं झेंडा हातकताईच्या, हातविणीच्या खादीचा. आमच्या नांदेडचे खादीवाले तो वर्षानुवर्षं करत आले. 2021 च्या शेवटी नियम बदलला आणि यंत्रावरचं पॉलिस्टरही चालू लागलं, ती गोष्ट वेगळी.

"काका, मी काय काढू?" चिऊनं पेन्सिल तिसऱ्यांदा टोकली.

तेवढ्यात मावशीनं खलबत्ता उपडा केला. खमंग वास आला आणि मी उठून बसलो. जवसाची चटणी! भाजलेला जवस, तिखट, लसूण, मीठ. इकडे याला अलसी म्हणतात. आणि माझ्या डोक्यात उजेड पडला.

लिनन म्हणजे दुसरं काय? जवसच. जवसाच्या देठातला धागा म्हणजे लिनन आणि बोंडातलं बी म्हणजे आमची चटणी. उंच, फांद्या न फुटणारं वाण धाग्याचं. बुटकं, फांद्या पसरणारं वाण तेलाचं. आयर्लंडनं देठ घेतला, आम्ही दाणा घेतला. त्यांनी अंगावर घातलं, आम्ही भाकरीवर. शिवाय भाकरीच्या चटणीला इस्त्री लागत नाही.

मी उत्साहानं मावशीला सांगू लागलो, की देठ पाण्यात कुजवून, सुकवून, कुटून, विंचरून त्यातून रेशमासारखे तंतू काढतात. "कुजवते?" मावशीनं नाक मुरडलं. बरोबरच होतं तिचं. कुजवण्याच्या डबक्यांचा वास आयर्लंडातही कोणाला सोसत नसे.

पण आपल्यालाही हे नवं नव्हतं. संस्कृतात जवस म्हणजे अतसी, उमा, क्षुमा. आणि क्षुमेचं वस्त्र ते क्षौम. कौटिल्यानं अर्थशास्त्रात काशीच्या क्षौमाची नोंद केली आहे. कालिदासाची शकुंतला सासरी निघते तेव्हा तिला नेसायला क्षौमच मिळतं. विष्णूचा रंग सांगायला जुन्या लोकांना हेच अतसीचं फूल आठवलं. तो विष्णू इथून जवळच, राजिमला, महानदीच्या संगमावर राजीवलोचन होऊन बसला आहे. त्या गावाचं नाव तरी कोणावरून? लोक सांगतात, राजिम नावाच्या तेलिणीवरून. तिला नदीत देवाची शिळा सापडली आणि तेव्हापासून तिच्या भांड्यातलं तेल कधी सरलं नाही. ते तेल कशाचं होतं, हे कथा सांगत नाही. मी आपलं मनात जवसाचं धरून ठेवलं.

आता मात्र मला थांबवणं कठीण होतं. चित्रकाराचा कॅनव्हास लिननचा आणि त्यावरचा रंग जवसाच्या तेलात खललेला. म्हणजे भिंतीवरचं राजाचं तैलचित्र हेही अर्धंअधिक जवसच. क्रिकेटच्या बॅटीला पाजतात तेही जवसाचं तेल. आणि शब्दांत बघ, चिऊ: लॅटिनमध्ये जवसाला म्हणतात लिनम. त्याचा धागा म्हणजे लिनिया. तो ताणून धरला की सरळ रेघ मिळते. त्यातूनच इंग्रजांना शब्द मिळाला 'लाइन'.

"लाइन?" मावशी थबकली. "म्हणजे छोटी लाइन?"

अंगणात क्षणभर कोणी बोललं नाही.

अभनपुरात 'छोटी लाइन' हा काही साधा शब्द नाही. 1900 च्या सुमारास रायपूर ते धमतरी अडीच फुटी रूळ पडले आणि अभनपुराहून त्याला राजिमचा फाटा फुटला. तेव्हापासून हे गाव जंक्शन. मावसाजी याच लाइनवर कामाला होते. त्या गाडीच्या सगळ्या गोष्टी वेगाच्या उलट्या बाजूच्या आहेत. गाडी सुटल्यावर चहा संपवून, कप परत देऊन, पैसे चुकते करून डब्यात चढता येई. म्हशींना तिची सवय होती. तिला म्हशींची होती. मग रुंद रुळांचं काम निघालं आणि छोटी लाइन टप्प्याटप्प्यानं थांबली. 30 मार्च 2025 रोजी मंदिर हसौदमार्गे रायपूर-अभनपूर मेमू गाडी सुरू झाली. ती चांगली आहे, वेळेवर आहे. तिच्यात चढायला मात्र धावावं लागतं.

"त्यांची लाइन जवसाची होती," मावशी स्वतःशीच म्हणाली आणि चटणी डब्यात भरू लागली. डबा भरून झाल्यावरही तिचा चमचा काही वेळ तसाच हलत होता.

चिऊनं मात्र वेळ घालवला नाही. तिनं ढाल काढली. ढालीवर पाच पाकळ्यांचं निळं फूल. त्याच्या देठातून खाली दोन रेघा निघाल्या, एक धमतरीला, एक राजिमला. डाव्या बाजूनं ढाल धरायला खलबत्ता घेतलेली आजी, उजवीकडे हिरवी झेंडी घेतलेले आजोबा. वर मुकुटाच्या जागी म्हैस. ते मी सुचवलं नव्हतं. खाली बोधवाक्य हवं म्हटल्यावर तिनं मावशीकडे पाहिलं. मावशी म्हणाली, "चटणी सरली की सांगजा." तेच लिहिलं. बेलफास्टच्या लॅटिन प्रश्नाला याहून चांगलं उत्तर मला तरी सुचलं नसतं.

संध्याकाळी आम्ही खरं फूल बघायला शेतात जाणार होतो, तर मावशीनं वेड्यात काढलं. जवसाचं फूल सकाळी उमलतं आणि दुपार व्हायच्या आत पाकळ्या गाळून मोकळं होतं. दुसऱ्या दिवशी उजाडता गेलो. भात कापण्याआधीच उभ्या शिवारात बी फेकून देतात, त्याला इकडे उतेरा म्हणतात. मागे राहिलेल्या ओलीवर ते पीक येतं. खोडांच्या खुंटांमधून निळाईचा एक पट्टा थरथरत होता. कोणी पेरलं म्हणून नव्हे, भाताचं उरलं म्हणून उगवल्यासारखा.

मी परतलो. आठवड्यानं चिऊचा फोन आला. आवाज पडलेला.

"काका, मॅडमनी सातच दिले. रेल्वे बरोबर आहे म्हणाल्या. पण फुलाला गोल करून विचारलं, हे कशाचं फूल?"

"मग?"

"मग मी दुसऱ्या दिवशी सकाळी तोडून नेलं दाखवायला. पण आमचा वर्ग दुपारचा. दप्तरातून काढलं तर सगळ्या पाकळ्या गळून गेलेल्या. नुसती दांडी."

मला फार वाईट वाटलं. "मॅडम रागावल्या?"

"नाही. त्यांनी ती दांडी मोडून फेकायला घेतली." चिऊ जरा थांबली. "तर ती तुटलीच नाही, काका. वाकली, सोलली, पण आतून धागे निघाले आणि धरूनच बसले."